डाकोटा: पडेल ते काम करणारं विमान

जमिनीवर उभ्या असलेल्या डाकोटात मागच्या दारानं शिरलं की समोर चढ लागतो. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे नाक वर आणि शेपूट खाली अशी या विमानाची बैठक. वैमानिकाला खुर्चीपर्यंत चढून जावं लागतं, गोणी रचणाऱ्यांनाही तोच चढ. दार मात्र ऐसपैस. त्यातून जीपसुद्धा आत घेता येई.

मूळ विमान प्रवाशांचं. डग्लस कंपनीचं डीसी-३ कॅलिफोर्नियात १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालं. दुसऱ्या महायुद्धात तळ भक्कम आणि दार रुंद करून त्याचं लष्करी रूप निघालं, ते सी-४७. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटलं आणि आपल्याकडे तेच नाव रुजलं. सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, २८ सैनिक किंवा पावणेतीन टन माल आणि कच्च्या पट्टीवरही उतरायची तयारी. अशी दहा हजारांवर विमानं बांधली गेली. १९४४ साली इम्फाळला जपान्यांचा वेढा पडला, तेव्हा शिबंदीला दाणागोटा आणि दारूगोळा पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आपल्या देशाचं या विमानाशी नातं मात्र काश्मीरच्या युद्धातलं. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले. पुढच्या वर्षी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी घेऊन लेहला डाकोटा उतरवलं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, खाली हिमालयाची शिखरं, आणि उतरायला अकरा हजार फुटांच्या आसपास, सिंधूकाठच्या रेताड जमिनीवर इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी तयार करून घेतलेली पट्टी. याच युद्धात वेढलेल्या पुंछला रसद पोचवली तीही डाकोटांनी. प्रसंगी दारातून हातांनी बॉम्ब ढकलून त्यांनी बॉम्बफेकी विमानाचंही काम केलं. माझ्या मते आपल्या हवाई दलाच्या इतिहासात या विमानाइतका भार दुसऱ्या कुठल्याही विमानानं वाहिलेला नाही.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध रात्रीचा. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. सुरुवातीला हे काम डाकोटांचंच होतं. पुढे बांगलादेशच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ रोजी, टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरवणाऱ्या ताफ्यातही डाकोटा होती. उडी घेणारी २ पॅरा ही मुळातली मराठा पलटण.

१९८०च्या दशकाअखेर हवाई दलानं डाकोटांना निरोप दिला आणि बहुतेक भंगारात गेली. त्यांचं चीज झालं ते एका मुलामुळे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, हवाई दलात डाकोटा चालवत. मुलानं परदेशात मोडीत निघालेलं एक डाकोटा विकत घेतलं आणि इंग्लंडमध्ये त्याची पुनर्बांधणी करवली. ते हवाई दलाला भेट द्यायचा प्रस्ताव मार्गी लागला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या काळात. एप्रिल २०१८मध्ये कॉव्हेंट्रीहून निघालेलं हे विमान टप्प्याटप्प्यानं जामनगरला पोचलं आणि ४ मे रोजी हिंडनच्या तळावर सेवेत दाखल झालं. नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५. हे श्रीनगरला गेलेलं विमान नव्हे. त्या विमानाचा क्रमांक मानानं याच्या अंगावर रंगवला आहे.

विमान उडतं ठेवून जपणं म्हणजे काय, हे इंजिन सुरू करायच्या आधी पाहावं. चौदा सिलिंडर वर्तुळात बसवलेले; विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच इंजिन चालू केलं तर आतले दांडे वाकतात. म्हणून दोन माणसं एकेक पातं धरून पंखा हातानं फिरवतात आणि कुठे अडतो ते तळहाताला कळतं. सुकाणूवर पत्रा नाही, ताणून बसवलेलं कापड आहे. ते शिवणारे, त्यावर रोगण चढवणारे कारागीर आता मोजके उरलेत. विमान उडत राहिलं तरच ही विद्या हातातून हातात जाते.

सगळीच जुनी विमानं उडवणं परवडणारं नाही, हे मान्य. पण निदान डोक्यावर छप्पर हवं. गोव्यात नौदलाच्या विमान संग्रहालयात शॉर्ट सीलँड हे जलविमान आहे, तेही दोन इंजिनांचं, १९५३ साली नौदलात आलेलं. जगात अशी जेमतेम पंचवीस बांधली गेली. छप्पर नसेल तर कोकणपट्टीचा पाऊस आणि खारा वारा ॲल्युमिनियमला पोखरतो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागली, की पत्रा आतून गेलेला असतो. वर नवा रंग मारणं म्हणजे जपणूक नव्हे.

आणि कागद? डाकोटावर काम केलेले फिटर, रेडिओवाले, माल टाकणारे यांच्या उड्डाण-नोंदवह्या, टिपणं, फोटो महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ट्रंकांमध्ये पडून असतील. तुमच्या घरात असं काही असेल, तर रद्दीत घालू नका. फोटोंच्या मागे नावं लिहा, जाणती माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून तारखा विचारून घ्या, आणि एक प्रत दिल्लीच्या पालममधल्या हवाई दल संग्रहालयाला पाठवा.