खिंडसीच्या पाण्यावर पायडल मारताना

नागपूरकर रामटेकचा गड पाहून उतरले की अनेकांची पावले खिंडसी तलावाकडे वळतात. सूर नदीवर 1913 साली बांधलेल्या धरणाचा हा जलाशय. पायडल बोट हे इथले हौशी मंडळींचे खास आकर्षण.

ती चालते कशी?

पायडल मारले की पात्यांचे चाक पाणी मागे लोटते, बोट पुढे सरकते. दांड्याने सुकाणू वळते. पाण्यावरच्या सायकलीत चाकाऐवजी बहुधा पंखा असतो, आणि खालच्या दोन लांबट तरंगांमुळे ती सहसा कलंडत नाही.

नवखे सुरुवातीलाच जोर लावतात आणि लगेच धापा टाकतात. कारण पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते! म्हणून संथ, एका लयीत पायडल मारावे. जाताना वारा समोरून घ्यावा, परतताना तो पाठीशी राहतो.

लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र घट्ट आवळावेत.