गुंठ्याएवढा ठिपका

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. मीटरमध्ये मोजली तर एक बाजू १० मीटरहून जेमतेम ६ सेंटीमीटर जास्त भरते. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून जमिनीची चित्रे घेतात आणि त्यांतला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटर जागेचा असतो. आपल्या बोलण्यातला गुंठा जवळजवळ तेवढाच, आणि सातबाऱ्यावरचा आर तर नेमका तेवढा. अर्धापूर किंवा औसा तालुक्यात कुणी वीस गुंठे गहू पेरला असेल, तर त्या उंचीवरून त्याचे वीसेक ठिपके दिसतात. प्रत्येकाचा रंग वेगळा, दर पाच दिवसांनी नवे चित्र आणि तेही फुकट. मला या गोष्टीचे नवल अजून ओसरलेले नाही.

नांदेड-लातूरकडे रब्बी म्हणजे मुख्यतः हरभरा आणि ज्वारी. गहू पेरतात तो विहिरीचे पाणी असेल तिथे, किंवा इसापूर, विष्णुपुरी, मांजरा यांच्या पाण्यावर. पण उपग्रहाला हेच पीक सोयीचे पडते. खरिपात सोयाबीनवर ढगांचे छत असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र मराठवाड्याचे आभाळ बहुतेक दिवस निरभ्र असते.

आणि पाहायचे काय, तर नत्र. हवेत नत्र ७८ टक्के आहे, गव्हाच्या प्रत्येक पात्याभोवती आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की रोपाला ते सुटत नाहीत. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत तो बंध तोडून अमोनिया केला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना चालू केला. आपल्याकडे अलिबागजवळ थळला हेच चालते. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नत्र यांचा अमोनिया होतो, अमोनियाचा युरिया होतो आणि ४५ किलोच्या बॅगेतून २०.७ किलो नत्र शेतावर येते. सरकारी दर २६६ रुपये ५० पैसे. एवढ्या स्वस्तात मिळाल्यावर हात सैल सुटणारच. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणे मला पटत नाही.

टाकलेल्या नत्राचे पुढे काय होते? ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या बिल राऊन आणि गॉर्डन जॉन्सन यांनी १९९९ मध्ये जगभरच्या तृणधान्यांचा हिशेब मांडला. दाण्यात पोचते ते सुमारे ३३ टक्के. बाकीच्या नत्राच्या वाटा आपल्या काळ्या रानात नीट दिसतात. ही जमीन चुनखडीची, सामू बहुधा आठच्या आसपास किंवा वर. वाफसा नसताना युरिया वरून फेकला की मातीतले विकर तो फोडते आणि अमोनिया हवेत उडतो. जे उरते ते जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. नायट्रेटचा भार ऋण आणि चिकणमातीचाही ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही; पाणी जास्त झाले की ते मुळांखाली निघून जाते. चिबड जागी तर आणखी वेगळे घडते. पाण्याखाली प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र पुन्हा हवेत जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे.

हे सगळे एकाच रानात, जागोजागी वेगवेगळे घडते. वरच्या बांधाकडे मुरमाड, खालच्या अंगाला पाणी साचणारे, मध्ये गेल्या वर्षी शेणखताचे ढीग टाकलेले. जिथे धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या तिथला गहू आधीच काळोखी धरतो. मेंढीच्या लघवीतला युरिया आणि बॅगेतला युरिया हा रेणू एकच. फ्रीडरिश व्होलर यांनी १८२८ मध्येच तो प्रयोगशाळेत बनवला होता. बागायती वेळेवरच्या गव्हाला शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्राची, निम्मे पेरताना आणि निम्मे २१ दिवसांनी पहिल्या पाण्याला. गुंठ्याला हिशेब केला तर दुसरा हप्ता सुमारे १.३ किलो युरियाचा. मेंढ्या बसलेल्या गुंठ्यालाही तेवढाच आणि मुरमाड गुंठ्यालाही तेवढाच.

गुंठ्यागुंठ्यातला हा फरक वरून दिसतो कसा? नत्र मिळाले की पानात हरितद्रव्य वाढते आणि हरितद्रव्य लाल प्रकाश गिळते. त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या जवळजवळ निम्मा परत फेकतात. आपल्याला तो दिसत असता, तर डिसेंबरातला गव्हाचा सारा डोळे दिपवणारा दिसला असता. या दोन प्रकाशांतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की पिकाच्या जोमाचा आकडा मिळतो. राऊन आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून आलेले ग्रीनसीकर हे हातातले यंत्र हेच मोजते. पंजाब कृषी विद्यापीठाने ते गव्हावर तपासले आणि कमी नत्रात तेवढेच उत्पादन घेता येते, हे दाखवले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानेही ड्रोन आणि रोबोट यांचा डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवला आहे.

अडचणी आहेतच. २१ व्या दिवशी रोपे इतकी लहान असतात की उपग्रहाला काळी मातीच जास्त दिसते. म्हणून थोडे नत्र हातचे राखून ते ४०-४५ दिवसांच्या सुमारास, पाण्याच्या पाळीला, पीक पाहून द्यायचे. बांधावरच्या बाभळीची सावली कडेचे ठिपके बिघडवते. पीक दाट झाले की हा आकडा वाढायचा थांबतो. तेव्हा लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा प्रकाश जास्त सांगतो, पण त्याचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

यंत्र नसेल तरी एक गोष्ट कुणालाही करता येते. पेरणीवेळी एका अरुंद पट्टीला भरपूर नत्र द्यायचे आणि राखलेला हप्ता टाकण्यापूर्वी बाकीचा गहू तिच्याशी ताडून पाहायचा. फरक दिसत नसेल तर जमिनीत नत्र शिल्लक आहे. आधी सोयाबीन आणि शेणखत असेल तर असे होऊ शकते. त्या गुंठ्यांचा युरिया वाचला.

फरक दिसला तरी आधी त्या गुंठ्यात जाऊन वाकून पान पाहावे. नत्र कमी पडले तर रोप ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी होतात. लोह रोपाला असे हलवता येत नाही, म्हणून लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने आधी पिवळी पडतात. आपल्या चुनखडीच्या रानात लोह कमी पडणे नवे नाही. उपग्रहाला दोन्ही गुंठे पिवळेच दिसतात, आणि लोह कमी असलेल्या गुंठ्यात युरिया टाकला तर तो वायाच जातो.