बदक लंगडतंय?

पाय धरून बदक कधीच उचलू नका, ते पाय मोडायला वेळ लागत नाही. पंख अंगालगत अलगद धरून पोटाखाली हात घाला. आधी तळवा पाहा. काळी खपली आणि सूज दिसली तर बहुधा जंतुसंसर्ग. घरी चिरू नका. पिल्लू लंगडत असेल तर संशय खाद्यावर घ्या. बदकाच्या पिल्लाला नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, आणि आपण सर्रास कोंबडीचंच खाद्य घालतो! नायसिन कमी पडलं की पाय वाकतात. जखमी बदक जाड, कोरड्या भुशावर ठेवा, पण सोबती दिसतील असं. उघडी जखम नसेल तर थोडा वेळ कोमट पाण्यात तरंगू द्या. पायावरचा भार हलका होतो. पाय लोंबकळत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा.