एम्युलेटरवर गेम अचानक बंद पडतोय? नवी रॅम घेण्याआधी ‘ही’ सेटिंग तपासा

डिजिटल डेस्क, परभणी : ‘आरपीसीएस३’ या मोफत एम्युलेटरमुळे प्लेस्टेशन ३ चे गेम विंडोज लॅपटॉपवर खेळता येतात. मात्र ८ जीबी रॅम असेल, तर अनेकदा गेम पहिल्यांदा उघडतानाच बंद पडतो. रॅमवर पैसे घालण्याआधी विंडोजची व्हर्च्युअल मेमरी तपासा. त्याला खर्च नाही.

८ जीबी का पुरत नाही?
२००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये मुख्य मेमरी २५६ एमबी आणि ग्राफिक्ससाठी वेगळी २५६ एमबी होती. पण त्याचा ‘सेल’ प्रोसेसर आपल्या लॅपटॉपपेक्षा पूर्ण वेगळा. त्यामुळे एम्युलेटर गेमचा कोड आधी आपल्या प्रोसेसरसाठी बदलून घेतो. हे काम पहिल्यांदा गेम उघडताना होते आणि तेव्हा मेमरी भरपूर लागते.

व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय?
मोंढ्यातल्या आडत दुकानात समोरची जागा भरली, की लगेच न लागणारी पोती गोदामात जातात. समोरची जागा म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे डिस्कवरची ‘पेज फाइल’. दोन्ही मिळून जेवढी जागा, तेवढीच मेमरी विंडोज देऊ शकते.

दोष इथेच आहे का?
टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’ उघडा. ‘कमिटेड’खाली दोन आकडे दिसतील. गेम उघडताना पहिला आकडा दुसऱ्याला भिडत असेल, तर मेमरीच कमी पडते आहे.

सेटिंग कशी बदलाल?
१. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ शोधा.
२. ‘परफॉर्मन्स’खालील ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’तील ‘चेंज’ दाबा.
३. सर्वांत वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण काढा. एसएसडी असलेला ड्राइव्ह निवडा.
४. ‘कस्टम साइज’मध्ये दोन्ही रकान्यांत १६३८४ (म्हणजे १६ जीबी) भरा. ‘सेट’ आणि ‘ओके’ दाबून लॅपटॉप रीस्टार्ट करा.

आधी ड्राइव्हवर त्याहून बरीच जास्त जागा मोकळी आहे ना, ते पाहा. जागा कमी असेल तर ‘सिस्टीम मॅनेज्ड साइज’ ठेवा. ‘नो पेजिंग फाइल’ मात्र निवडू नका.

वेग वाढेल का?
नाही. गोदामातून पोते आणायला वेळ लागतोच. या सेटिंगने गेम बंद पडणे थांबू शकते, अडखळणे नाही. हार्ड डिस्क असेल तर गेम आणखी रखडेल.

मोबाईलमधल्या ‘रॅम प्लस’सारख्या सोयीचेही तेच. पहिल्या पीएसपीची मेमरी अवघी ३२ एमबी होती. त्यामुळे ‘पीपीएसएसपीपी’वर गेम अडखळत असेल, तर व्हर्च्युअल रॅम वाढवून फरक पडण्याची शक्यता कमीच. तिथे ‘रेंडरिंग रिझोल्यूशन’ कमी करून पाहा.