कोठारातली नोंद आणि घरची पत्रं

इराकच्या दक्षिण भागात, युफ्रेटिस नदीच्या जुन्या पात्राजवळ, उरुक या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होत असे. तिथल्या एअन्ना नावाच्या मंदिर परिसरात उत्खनन करणाऱ्यांना तळहातावर मावतील एवढ्या मातीच्या पाट्या सापडल्या. मानवाच्या सर्वांत जुन्या लेखनापैकी हे लेखन. त्यात स्तोत्रं नाहीत की राजांचे पराक्रम नाहीत. मेंढ्या किती, जव किती आला, कुणाला किती शिधा दिला, बहुतेक पाट्यांवर अशाच नोंदी आहेत. एका पाटीवर ३७ महिन्यांच्या २९,०८६ मापं जवाचा हिशेब असून शेवटी ‘कुशिम’ असं लिहिलं आहे. हे एखाद्या कारभाऱ्याचं नाव असावं किंवा त्याचा हुद्दा.

हिशेबाचीच गरज आधी का पडली? लहान गावात कुणाचं कुणाकडे किती येणं आहे, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. उरुकमध्ये मात्र हजारो माणसं राहत होती. कालव्यांच्या पाण्यावर धान्य उदंड पिकत होतं, ते कोठारात जमा होत होतं आणि तिथून मजुरांना, विणकरांना, गुराख्यांना वाटलं जात होतं. एवढी देवघेव कुणा एकाच्या स्मरणशक्तीवर सोपवता येईना.

या पाट्यांच्याही आधी मोजदादीची एक पद्धत होती. पश्चिम आशियात इसवी सनापूर्वी ८००० च्या सुमारापासून मातीच्या छोट्या सोंगट्या आढळतात. काही शंकूच्या आकाराच्या, काही गोल, काही चपट्या. पुढे या सोंगट्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर शिक्का उमटवू लागले. आत काय आहे हे गोळा न फोडता कळावं म्हणून काही गोळ्यांवर बाहेरूनही तशाच खुणा दाबल्या जात. बाहेरच्या खुणा वाचता येत असतील, तर आत सोंगट्या हव्यात कशाला? पोकळ गोळ्याची जागा सपाट पाटीनं घेतली ती अशी, असं डेनिस श्मांट-बेसेरा या संशोधिकेनं मांडलं. तिच्या मांडणीतल्या काही तपशिलांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मोजणीतून लेखन आलं, हा तिचा मुख्य मुद्दा मेसोपोटेमियापुरता, म्हणजे प्राचीन इराकच्या प्रदेशापुरता, आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पाट्यांवर वस्तूंसाठी चित्रवजा खुणा असत. चित्रानं मेंढी दाखवता येते, पण ‘आयुष्य’ कसं दाखवणार? उरुकच्या भागात बोलल्या जाणाऱ्या सुमेरी भाषेत बाण आणि आयुष्य या दोन्हींसाठी ‘ति’ हाच उच्चार होता. तेव्हा बाणाचं चित्र काढून आयुष्य वाचायचं, अशी युक्ती निघाली. खूण वस्तूपासून सुटली आणि ध्वनीला जोडली गेली. माणसांची नावं, क्रियापदं, प्रत्यय, अखेर पूर्ण वाक्यं लिहिता येऊ लागली. बोरूच्या टोकानं ओल्या मातीत दाबलेल्या पाचरीसारख्या रेघांवरून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात.

नोंद हाती आली तशी सत्ताही बळावली. कर, मजुरी, जमिनीच्या हद्दी लेखी ठरू लागल्या. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात बॅबिलोनच्या हम्मुराबीनं कायदे दगडावर कोरून घेतले. सव्वादोन मीटर उंचीची ती काळी शिला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अन्याय झालेल्यानं या शिलेपुढे यावं आणि मजकूर वाचवून घ्यावा, असं तिच्या अखेरच्या भागात सांगितलं आहे. म्हणजे कायदा सगळ्यांसाठी होता, पण तो वाचणारे थोडेच होते.

लेखन सामान्यांच्या घरात शिरलं ते व्यापाराच्या वाटेनं. तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथे, प्राचीन कानेशमध्ये, सुमारे २३,००० पाट्या मिळाल्या. त्यांतल्या बहुतेक अश्शूर शहरातल्या व्यापाऱ्यांच्या, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या. कथील आणि कापड गाढवांवर लादून ते सुमारे हजार किलोमीटर प्रवास करत. त्यांच्या पत्रव्यवहारात दीड-दोनशे चिन्हांत काम भागत असे. त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांना आणि काही स्त्रियांना स्वतः लिहिता-वाचता येत असावं, असं अभ्यासक मानतात. अश्शूरमध्ये राहून कापड विणून पाठवणारी लमस्सी कानेशमधल्या नवऱ्याला, पुशु-केनला, लिहिते की तुम्ही गेल्यापासून शलिम-अखुमनं दोनदा घर बांधलं, आपलं कधी होणार? कोठारासाठी घडवलेलं साधन आता संसाराची तक्रार सांगत होतं.

हा बदल लेखनाच्या शोधाइतकाच मोठा आहे. उरुकच्या कारकुनांना शेकडो चिन्हं पाठ करावी लागत. पुढे सिनाईच्या वाळवंटात, सेराबित अल-खादिम इथल्या पिरोजाच्या खाणींजवळ, सेमिटिक भाषा बोलणाऱ्यांनी इजिप्तच्या चित्रलिपीतून मोजकी चिन्हं उचलून वर्णमाला घडवली. तिथून फिनिशियन, ग्रीक आणि रोमन लिप्यांची परंपरा सुरू झाली. चिन्हं कमी झाली तसा लेखनावरचा कारकुनांचा मक्ता सैल झाला.

कीलाकार लिपी इसवी सनाच्या पहिल्या शतकात मागे पडली आणि पुढे कुणालाच वाचता येईना. एकोणिसाव्या शतकात तिचा उलगडा होऊ लागला. १८५७ मध्ये चार अभ्यासकांनी एकाच लेखाचं स्वतंत्रपणे भाषांतर केलं, ती भाषांतरं बरीचशी जुळली आणि वाचनाबद्दलची शंका फिटली. जगभरच्या संग्रहांत आज अशा लाखो पाट्या आणि त्यांचे तुकडे आहेत. त्यांतल्या पुष्कळ पाट्यांचं वाचन अजून व्हायचं आहे.