शेवटचा गडी कोणता ठेवाल?
गुरुजी, शाळेचा कबड्डी संघ निवडताना खरा पेच पडतो तो शेवटच्या एकदोन जागांचा. परभणी असो की जिंतूर, टाळ्या पडतात त्या चढाईला. म्हणून आपणही आणखी एक चढाईपटूच घेतो. पण हिशेब करून पाहा. ३० सेकंदांची चढाई एकटा करतो. समोरचा आला की पकडीला मैदानातले सगळेच लागतात. शिवाय आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड साधली, तर जादा गुण मिळतो. तेव्हा घोटा धरणारा, साखळी न सोडणारा गडी ठेवा. वगळलेल्या पोराला मात्र नुसती यादी दाखवू नका; जवळ बसवून कारण सांगा. नाहीतर तो खेळच सोडून देईल.