गल्ला भरला, पण मन कोरडं: आतून 'बंद' पडल्यावर काय करायचं?



आज विषय जरा वेगळा, पण धंद्याशीच जोडलेला.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी, शाळा सुरू व्हायच्या सीझनला, तोवरची सगळ्यात मोठी विक्री झाली. रात्री गल्ला मोजला आणि काहीच वाटलं नाही. त्याच आठवड्यात एक मोठी उधारी बुडाली. त्याचंही काही वाटलं नाही. बायकोने विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "काही नाही." आणि ते खोटं नव्हतं!

याला आळस समजू नका. ताण फार दिवस चालला, की मन स्वतःला वाचवायला भावनांचा आवाज कमी करतं. अडचण अशी, की काळजीबरोबर आनंदाचाही आवाज कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'च्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं, आणि हातून नीट काम न होणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या न सांभाळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते.

धंद्यालाही फटका बसतो. त्या काळात मी दोन मोठ्या ऑर्डरींना विचार न करता हो म्हटलं. कारण 'थांब, हे चुकतंय' असं सांगणारी भीतीच गप्प होती.

मग मी काय केलं?

१. शरीरापासून सुरुवात. शटर उघडण्याआधी दोन मिनिटं बघायचं: खांदे आखडलेत का? झोप झाली का? नीट जेवलो का?

२. रोजमेळाखाली एक ओळ. चिडलो, धास्ती वाटली, हलकं वाटलं, जे असेल ते. काहीच सापडलं नाही, तर "आज काही वाटलं नाही." हीसुद्धा नोंदच आहे.

३. एका माणसाशी बोलणं. आधीच सांगायचं, "सल्ला नको, फक्त ऐक."

घाई मात्र नको. गंजलेलं शटर लाथ मारून उघडत नाही, तेल घालावं लागतं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

माझ्या वहीत तीन आठवडे "काही वाटलं नाही" हेच होतं. मग एक दिवस एक छोटी मुलगी तिची पहिली कंपासपेटी छातीशी धरून दुकानातून गेली. त्या रात्री मी लिहिलं, "बरं वाटलं."

आज रात्री हिशोब झाला, की तुमची एक ओळ लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.